मत नको, ओळ सांगा

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देते :

"मी बँकेतून निवृत्त झाले. नाशिकला आमच्या सोसायटीत गेली सहा वर्षं वाचन मंडळ चालवते. आम्ही अकरा जण आहोत, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी बसतो. या खेपेला दलित कवी नामदेव ढसाळांच्या कविता घेतल्या. माझा भाचा आणि सून इंग्रजी माध्यमातले, म्हणून त्यांच्यासाठी दिलीप चित्रे यांनी इंग्रजीत आणलेल्या निवडक कवितांचं पुस्तक मागवलं. बाकीच्यांनी वाचनालयातून ढसाळांचा पहिला संग्रह 'गोलपिठा' आणून वाचला. बैठक पार विस्कटली. आमच्यातले निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, हे घरात ठेवण्याजोगं पुस्तक नाही. एक वकील मैत्रीण म्हणाली, कविता थोर आहे, पण आणीबाणीत या माणसाने काय केलं ते आधी बोला. दुसरी म्हणाली, मी त्यांच्या पत्नी मल्लिका अमर शेख यांचं आत्मचरित्र वाचलंय, मला यांची एक ओळही वाचवत नाही. भाचा म्हणाला, यात एवढा धक्का बसण्यासारखं आहे काय? दीड वर्षापासून आमच्याकडे एक तरुण येतो, मूळचा जालन्याकडचा. सगळ्यांनी त्याला विचारलं, तू सांग, खरंच असं असतं का? तो काहीतरी बोलला. लवकर निघून गेला. पुढच्या बैठकीला आला नाही. आता निम्मे म्हणतात, पुस्तक बदला. इतकी टोकाची मतं असताना बरोबर कुणाचं धरायचं? पुस्तक सोडून द्यावं का?"

ताई, नमस्कार.

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही तुमच्यासारखी मतंच मोजत बसले. दुसऱ्यांदा वाचताना शेवटाकडच्या त्या तीन छोट्या वाक्यांपाशी अडले. तो मुलगा काय बोलला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल. पुस्तकाचं काय करायचं ते नंतर बघू. आधी त्याच्याविषयी बोलते, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

१९८८ सालची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात मराठी शिकवत होते. वर्गात 'गोलपिठा'तली एक कविता काढली होती. वाचता वाचता एक शब्द आला, त्याचा अर्थ मला येत नव्हता. शिकवणाऱ्या माणसाला 'मला माहीत नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. मी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुला माहीत असेल, सांग." तो उभा राहिला, काहीतरी अर्थ सांगितला आणि खाली बसला. मी "छान" म्हणून पुढे गेले. नऊ-दहा वर्षांनी तो एका साहित्य संमेलनाच्या मांडवात भेटला. तोवर तोही शिकवायला लागला होता. चहा घेताना म्हणाला, "बाई, मी परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातला. तेव्हा मी मुंबई पाहिलीसुद्धा नव्हती. तो शब्द मला तुमच्याइतकाच परका होता. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणून ठोकून दिला." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तो मुलगा दलित आहे असं तुम्ही पत्रात कुठेही म्हटलेलं नाही. तरी तो प्रश्न अकरा जणांमधून नेमका त्याच्याकडेच का वळला, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही. त्याने कधी आपणहून सांगितलं असेल, नाहीतर आडनाव ऐकल्याबरोबर आपापल्या मनात नोंद झाली असेल. आपल्याकडे ती नोंद फार पटकन होते. त्या दुपारी तुमच्या बैठकीत दहा वाचक होते आणि एक पुरावा. तोही कविता वाचून आला होता. त्यालाही एखादी आवडली असेल, एखादी कंटाळवाणी वाटली असेल, एखादी कळली नसेल. ते त्याला कुणी विचारलंच नाही.

शिवाय तो प्रश्नच चुकीच्या पत्त्यावर गेला होता. ढसाळांचा जन्म १५ फेब्रुवारी १९४९चा, पुण्याजवळच्या पूर-कनेरसरचा. लहानपणीच ते मुंबईत आले आणि कामाठीपुऱ्याजवळच्या ढोर चाळीत वाढले. पुढे टॅक्सी चालवली. 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हा कवी तेवीस वर्षांचा होता. त्या पुस्तकाची भाषा ही वेश्यावस्तीची, दारूच्या गुत्त्यांची, मटक्याची, हिंदी-उर्दू-मराठी एकत्र कालवलेली अशी त्या चार गल्ल्यांची भाषा आहे. ती कुठल्या एका जातीची बोली नाही. विजय तेंडुलकरांनी त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. पांढरपेशा जगाच्या सीमा जिथे संपतात तिथून पुढे हे जग सुरू होतं, असं त्यांनी त्यात म्हटलं, आणि अनेक शब्दांचे अर्थ आपल्याला कवीलाच विचारावे लागले हेही लपवलं नाही. मुंबईत आयुष्य काढलेल्या नाटककाराला जे शब्द विचारून घ्यावे लागले, ते जालन्याच्या मुलाला उपजत येत असतील असं आपण कशावरून धरतो?

तेव्हा पहिलं काम हे करा. त्याला फोन करू नका, गटावर निरोप टाकू नका. त्याच्याकडे जा, एकट्या जा. सरळ सांगा : "त्या दिवशी आम्ही तुला साक्षीला उभं केलं. ते चुकलं. मी यजमान होते, मी थांबवायला हवं होतं." एवढंच. "तुला काय वाटलं?" असं विचारू नका, म्हणजे पुन्हा एकदा त्यालाच समजावून सांगायला बसवल्यासारखं होईल. "परत ये" असा आग्रहही नको. चहा दिला तर प्या आणि निघा. त्याला यावंसं वाटेल किंवा वाटणार नाही, तो त्याचा अधिकार आहे.

आता कवितेकडे येते. तुम्ही विचारलंत, बरोबर कुणाचं धरायचं. मला तर वाटतं, त्या बैठकीत तुम्ही एका पुस्तकावर बोलतच नव्हतात. दोन पुस्तकं होती. मुख्याध्यापकांच्या हातात तेवीस वर्षांच्या पोराचा पहिला संग्रह होता. भाच्याच्या हातातल्या पुस्तकात १९७२ ते २००६ अशा चौतीस वर्षांतून वेचलेल्या कविता होत्या, तेही दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या कवीच्या हातून आलेल्या. एक जण ज्वालामुखी फुटतानाचा आवाज ऐकून आला होता, दुसऱ्याने तो थंड झाल्यावरचा नकाशा पाहिला होता. मतं जुळावीत तरी कशी?

निवडक कवितांचं पुस्तक हातात घेतलं की माझी एक सवय आहे, आधी निवड कुणाची ते बघायचं. आपल्याकडे याची फार सुरेख परंपरा आहे. कुसुमाग्रजांच्या कवितांची 'रसयात्रा' बोरकर आणि शंकर वैद्यांनी काढली, बोरकरांची 'चांदणवेल' कुसुमाग्रज आणि गो. म. कुलकर्णींनी. इंदिरा संतांची 'मृण्मयी' रमेश तेंडुलकरांनी केली. विंदांचं उदाहरण तर तुमच्या मंडळाला मुद्दाम दाखवण्यासारखं आहे. १९७५ची 'संहिता' मंगेश पाडगावकरांनी निवडलेली आणि १९९०ची 'आदिमाया' विजया राजाध्यक्षांनी, त्यातही फक्त प्रेमकविता. दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचणाऱ्याला दोन विंदा भेटतात. निवडणारा मनात एक चेहरा ठरवतो आणि त्याला जुळणाऱ्या कविता पुढे घेतो. त्यात लबाडी काही नाही, निवड म्हणजे तेच.

चित्र्यांनीही तेच केलं. हे इंग्रजी पुस्तक २००७ साली निघालं आणि त्याच्या नावातच त्यांनी ढसाळांना अधोलोकाचा कवी म्हटलं. ते स्वतः मोठे कवी. तुकोबांचे अभंग त्यांनी इंग्रजीत नेले आणि ढसाळही त्यांनीच नेले. हा योगायोग नव्हे असं मला वाटतं. मराठीत जो आवाज थेट आतड्यातून येतो त्याचा त्यांना कान होता. त्यांच्या निवडीवर आणि भाषांतरावर माझा विश्वास आहे. तरीही ती निवड आहे आणि ते भाषांतर आहे, हे भाच्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

भाच्याला धक्का बसला नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही, रागही येत नाही. इंग्रजीतल्या शिव्या तो रोज मालिकांमधून ऐकतो, त्या गुळगुळीत झालेल्या आहेत. मराठीतला तोच शब्द आजीच्या खोलीत उच्चारून बघ म्हणावं. धक्का शब्दाच्या अर्थात नसतो, तो शब्द कुठल्या घरात वाढला यात असतो. इंग्रजी वाचणाऱ्याच्या हातून आणखी एक गोष्ट निसटते, आणि ती मला शिवीपेक्षा फार महत्त्वाची वाटते. ते सांगायला 'माणसाने' या कवितेपाशी जावं लागेल.

'गोलपिठा'तली ही कविता दोन्ही पुस्तकांत आहे. माझा अंदाज आहे, मुख्याध्यापकांनी पुस्तक मिटलं ते याच कवितेवर. माणसाने आधी स्वतःला उद्ध्वस्त करून घ्यावं, इथून ती सुरू होते आणि मग नशा, शिव्या, मारहाण, खून, जाळपोळ अशी चढत जाते. मध्ये थोरामोठ्यांच्या नावांची एक लांबलचक यादी येते. तिच्यात मार्क्स आहे, शेक्सपिअर आहे, कालिदास आहे, आणि ज्ञानेश्वर-तुकारामही आहेत. या सगळ्यांना गटाराच्या मेनहोलात सडत ठेवावं असं कवी म्हणतो. ज्या माणसाने पस्तीस वर्षं मुलांना ज्ञानेश्वर-तुकाराम शिकवले, त्याच्या पोटात इथे कालवलं नाही तरच नवल. मला त्यांचा संताप मनापासून समजतो. माझंही पहिलं वाचन इथेच थांबलं होतं.

पण कविता तिथे थांबत नाही. सगळं उद्ध्वस्त करून झाल्यावर ती एकदम वळते. यानंतर जी माणसं उरतील त्यांनी कुणाला गुलाम करू नये, लुटू नये, काळा-गोरा म्हणू नये. आभाळाला आजोबा आणि जमिनीला आजी मानून त्यांच्या कुशीत राहावं, एक तीळ सगळ्यांनी मिळून खावा, माणसावर सूक्त रचावं. आभाळ-आजोबा आणि जमीन-आजी! इतकं घरगुती, इतकं कोवळं चित्र त्या सगळ्या रक्तामांसानंतर येतं. आणि 'सूक्त' हा शब्द बघा. ज्या वेदांचा शब्द कानावर पडू नये असं ज्यांना शतकानुशतकं सांगितलं गेलं, त्यांच्यातला एक कवी वेदांचाच शब्द उचलतो आणि देवाऐवजी माणसासाठी वापरतो. दुसऱ्या भाषेत याचं वजन कसं न्यायचं, मला ठाऊक नाही.

आता व्याकरण. मराठीची शिक्षिका आहे, ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. सबंध कविता विध्यर्थात आहे. करावे, ओढावे, मारावे, जाळावे. विध्यर्थ हा आपल्या भाषेतला उपदेशाचा सूर. समर्थांपासून शाळेच्या भिंतीवरल्या फळ्यापर्यंत आपल्याला जे जे चांगलं शिकवलं गेलं ते याच क्रियापदांनी. नेहमी खरे बोलावे. वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा. ढसाळ तोच सूर घेतात आणि त्यात चरस-गांजा भरतात. मुख्याध्यापकांना जे झोंबलं ते नुसत्या शब्दांनी झोंबलेलं नाही, आपलीच सुविचारांची भाषा कुणीतरी हिसकावून घेतली म्हणून झोंबलं. आणि शेवटी, तीळ वाटून खाण्यापाशी, तो सूर पुन्हा आपल्या मूळ कामाला लागतो. इंग्रजीत चित्र्यांना 'तू असं कर' अशी थेट हाक द्यावी लागली. मराठीत तिथे 'तू' नाहीच, 'माणसाने' आहे. ही वीण भाच्याला दिसणं शक्य नव्हतं. मुख्याध्यापकांना दिसली असती, पण त्यांनी पुस्तक आधी मिटलं.

त्यांच्या आणखी एका मुद्द्याबद्दल. घरात ठेवण्याजोगं पुस्तक कोणतं? तुकोबांचा 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास' हा अभंग त्यांना पाठ असेल. त्यातली लंगोटी शाळेत आपण सगळ्यांनी 'कासेची' अशी शिकलो. गाथेत 'गांडीची' आहे. कुणाला तरी तो शब्द मुलांपुढे नको वाटला आणि तो बदलला गेला. ढसाळांच्या १९८६च्या 'गांडू बगीचा' या संग्रहाचं नाव घ्यायलाही आपण बिचकतो, पण हा शब्द वैकुंठाला गेलेल्या माणसाच्या गाथेतही आहे आणि गाथा आपण देव्हाऱ्यात ठेवतो. मर्ढेकरांवर तर अश्लीलतेचा खटला झाला, ते निर्दोष सुटले आणि आज पदवीला शिकवले जातात. हे मुख्याध्यापकांना हरवण्यासाठी सांगू नका. ते वारकरी परंपरेतले असतील तर गाथा त्यांनाच काढायला सांगा, त्यांच्याच हाताने.

त्यांच्या मतात मला पटणारंही काही आहे. कवितेत शिवी आली की ती आपोआप खरी आणि धारदार होते, असं मी मानत नाही. ढसाळांच्या काही दीर्घ कविता मला पसरट वाटतात. प्रतिमांवर प्रतिमा चढत जातात आणि मधली एखादी चकित करणारी ओळ त्या ढिगाखाली गुदमरते. 'गोलपिठा'तही सगळ्या कविता एका उंचीच्या नाहीत. थोर कवीच्या सगळ्याच कविता थोर म्हणायची सक्ती केली की वाचक खोटं बोलायला लागतो. मुख्याध्यापकांनी नेमकी कविता दाखवून "ही मला नुसती आरडाओरड वाटते" असं म्हटलं, तर कदाचित मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. पण त्यासाठी त्यांना कविता दाखवावी लागेल.

वकील मैत्रिणीचा प्रश्न काही जण 'कवितेबाहेरचा' म्हणून झटकून टाकतील. तसं करू नका. ज्या कवीने १९७२ साली मित्रांबरोबर दलित पँथर ही संघटना उभी केली, त्याने स्वतःच कविता आणि राजकारण यांच्यात कधी भिंत घातली नाही, मग वाचकाने का घालावी? आणीबाणी चालू असताना १९७६ साली त्यांनी इंदिरा गांधींवर 'आमच्या इतिहासातील एक अपरिहार्य पात्र : प्रियदर्शिनी' ही दीर्घ कविता प्रसिद्ध केली. पुढे शिवसेनेशी जवळीक झाली, 'सामना'त सदर लिहिलं. पँथरमधल्या त्यांच्या कितीतरी सोबत्यांना हे जिव्हारी लागलं. मला स्वतःला प्रियदर्शिनीची ती कविता कधी आपलीशी वाटली नाही. पण मैत्रिणीला एक विनंती करा. आरोप मांडताना प्रत्येक कवितेला तिचं साल लावा. 'गोलपिठा' आणीबाणीच्या तीन वर्षं आधीचा आहे, १९७६चा हिशोब त्याच्याकडून मागता येणार नाही. 'तुही इयत्ता कंची' १९८१चा. 'या सत्तेत जीव रमत नाही' १९९५चा, आणि त्या नावातच एक अस्वस्थ कबुली ऐकू येते, निदान मला तरी. २००६च्या 'तुझे बोट धरून चाललो आहे मी'मध्ये तर ते बाबासाहेबांशी बोलत आहेत. सालवार वाचलं की मैत्रिणीचा प्रश्न बोथट होणार नाही, उलट अधिक टोकदार होईल. हा माणूस कुठून कुठे गेला, आणि त्याची भाषा त्याच्याबरोबर गेली की मागेच राहिली? यावर एक अख्खी बैठक होऊ शकते.

दुसऱ्या मैत्रिणीशी मात्र वाद घालू नका. 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मचरित्र १९८४ साली आलं. त्यात मल्लिका अमर शेख यांनी आपल्या संसाराविषयी जे लिहिलं ते वाचल्यावर एखाद्या बाईला या कवीची ओळ वाचवत नसेल, तर "कवी वेगळा, माणूस वेगळा" असं तिला ऐकवण्यात काही अर्थ नाही. हे वाक्य बोलायला फार सोपं असतं, विशेषतः ज्याला काही सोसावं लागलं नाही त्याला. तिने त्या बैठकीला नाही आलं तरी चालेल, तसं तिला आधीच सांगा. आली तर तिच्यासाठी मी 'मंदाकिनी पाटील'वरची कविता सुचवेन. वेश्यावस्तीतल्या सोळा वर्षांच्या मुलीची कविता आहे ती. तिने ती तिच्या सगळ्या संशयासह वाचावी आणि विचारावं : हा कवी या मुलीबरोबर उभा आहे, की तिच्या अंगाकडे बघत उभा आहे? मी ती कविता तीसेक वर्षं वाचते आहे, आणि या प्रश्नाचं माझं उत्तर दोनदा बदललं आहे. तुमच्या बैठकीत हा प्रश्न तिच्याइतक्या हक्काने दुसरं कुणी विचारू शकणार नाही.

आणि पुढे कधीतरी मल्लिका अमर शेख यांच्या कविता घ्या. 'वाळूचा प्रियकर' १९७९चा आहे, आत्मचरित्राच्या पाच वर्षं आधीचा. नवऱ्याच्या तागडीतलं दुसरं माप म्हणून घेऊ नका, त्या स्वतः कवयित्री आहेत म्हणून घ्या. शाहीर अमर शेखांची मुलगी आणि ढसाळांची बायको, या दोन ओळखींच्या मध्ये त्यांची कविता आपण नेहमी हरवतो.

तेव्हा पुस्तक बदलू नका, आणि हात वर करून मतदानही घेऊ नका. पुढच्या दुसऱ्या रविवारी फक्त एक कविता घ्या, 'माणसाने'. आधी मराठीतून, सलग, मध्ये कुणी बोलायचं नाही. ती डोळ्यांनी वाचायची कविताच नाही. तिला दम लागतो, आणि शेवटच्या ओळींपर्यंत पोचताना वाचणाऱ्याचा आवाज आपसूक खाली येतो. ती कानाने ऐकल्याशिवाय कळत नाही. जमलं तर मुख्याध्यापकांनाच वाचायला सांगा. पस्तीस वर्षं वर्गात वाचलेला आवाज आहे तो. ते नको म्हणाले तर तुम्ही वाचा. एखादा शब्द तोंडातून निघत नसेल तर क्षणभर थांबा आणि पुढे जा, पण जागच्या जागी दुसरा सोवळा शब्द घालू नका. मग भाच्याने इंग्रजी वाचावी. त्यानंतर निदान दोन मिनिटं गप्प बसा. या दोन मिनिटांत कुणीतरी पोह्यांच्या बशा आणेल, त्यांना आधीच सांगून ठेवा की आत्ता नको.

मग बोला. पण नियम एकच ठेवा : मत नको, ओळ सांगा. 'घाणेरडी' म्हणायचं असेल तर कुठली ओळ. 'थोर' म्हणायचं असेल तरी कुठली ओळ. आवडलेली, खटकलेली, न कळलेली, कुठलीही चालेल, पण बोट ठेवून. मी वर्गात हे पुष्कळ वर्षं केलं आहे. मत मागितलं की माणूस आपली जात, आपलं शिक्षण, आपला पक्ष सगळं पाठीशी घेऊन बोलतो. ओळ मागितली की त्याला खाली बघावं लागतं, पुस्तकात. 'न कळलेली' ओळ सांगायला सुरुवात तुम्हीच करा. यजमानीण बाईंनाच एक शब्द अडला हे दिसलं, की बाकीचेही मोकळे होतील, आणि कुणाला तिसऱ्या बाकाकडे बघावं लागणार नाही. शब्दांच्या अर्थांसाठी तेंडुलकरांची प्रस्तावना समोर ठेवा, जे विचारायचं ते तिला विचारा.

बैठक संपताना मतं जुळलेली नसतील. मुख्याध्यापक कदाचित पुस्तक वाचनालयात परत देतील आणि पुन्हा हात लावणार नाहीत. तुमची मैत्रीण कदाचित दारातूनच परतेल. त्याला तुमचं अपयश समजू नका. पन्नास वर्षांहून जास्त काळ मराठीतले जाणते वाचक या कवीवर भांडत आले आहेत, ते भांडण नाशिकच्या एका दिवाणखान्यात मिटावं अशी अपेक्षा कशाला?

बैठकीच्या आदल्या आठवड्यात तुम्ही त्या मुलाकडे जाल. त्याच्या घरी तुम्ही याआधी गेला आहात का, ते पत्रात नाही. गेला नसाल तर पत्ता विचारायचा फोन तेवढा करा. तो काय वाचतो आहे सध्या, त्याला कादंबऱ्या आवडतात की क्रिकेट, त्याची आई गावाला असते की इथे, असं काहीही बोला. आणि जाताना 'गोलपिठा' बरोबर नेऊ नका.